डोक्यासकट कोळंबी: पाहुण्यांसाठी शांडोंगची 'यौमन दाश्या'

घरी चायनीज करायचं ठरलं की आपला हात आपोआप ढोबळी मिरची, शेजवान चटणी आणि कॉर्नफ्लोअरकडे जातो. आज ही तिन्ही मंडळी जागच्या जागी राहू द्या. आजची कोळंबी चीनच्या शांडोंग प्रांतातली आहे. तिला मिरची लागत नाही, पीठ लागत नाही, आणि एकूण जिनसा हाताच्या बोटांवर मोजता येतात. तरीही ताटात येते तेव्हा तिच्यावर असा लालभडक तवंग असतो की कोल्हापूरचा माणूसही क्षणभर फसावा. तिखट मात्र त्यात कणभर नाही. सगळा रंग कोळंबीच्या डोक्यातला.

नोकरीच्या निमित्तानं मी दोन वर्षं शांडोंगमधल्या चिंगदाओ शहरात काढली. समोरच्या घरात साठीच्या एक बाई राहायच्या. चिनी भाषेत मावशी-काकूच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात, त्यामुळे त्यांना हाक मारताना परक्या भाषेत बोलतोय असं मला कधी वाटलंच नाही. एका रविवारी मी आपल्या पद्धतीनं कोळंबी साफ करत बसलो होतो: डोकं मोडायचं, सिंकमध्ये टाकायचं, टरफल काढायचं. आयी माझं कुठलंसं पार्सल द्यायला आल्या. सिंकमधला ढीग बघून त्यांनी 'आइया!' म्हणत कपाळाला हात लावला (हा उद्गारही दोन्हीकडे सारखाच). मग ढिगातलं एक डोकं उचलून त्यांनी अंगठ्यानं दाबलं. माझ्या तळहातावर नारिंगी, लोण्यासारखा एक थेंब पडला. "हे फेकलंस तर खाणार काय?" माझ्या मोडक्या चिनीत मला एवढंच कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

पदार्थाचं नाव आहे 'यौमन दाश्या'. यौ म्हणजे तेल, दा म्हणजे मोठी, श्या म्हणजे कोळंबी. 'मन' म्हणजे थोड्याशा रसात झाकण ठेवून शिजवणं. या 'मन'साठी जी चिनी खूण लिहितात तिच्यात डावीकडे आग असते आणि उजवीकडे दाराच्या आत कोंडलेलं हृदय. आपल्या 'दम देणे'च्या जवळची क्रिया, पण दम बिर्याणीसारखा तास-तासभर नाही. इथं तीनच मिनिटं.

शांडोंगचं द्वीपकल्प बोहाईचं आखात आणि पिवळा समुद्र यांच्यामध्ये घुसलेलं आहे. तिथल्या स्वयंपाकाला 'लू' शैली म्हणतात, आणि छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीच्या काळात व त्यानंतरही पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) मोठमोठ्या भोजनगृहांत शांडोंगच्या आचाऱ्यांचाच दबदबा होता. या पदार्थाची मूळ कोळंबी म्हणजे बोहाईची 'दुइश्या', जोडीची कोळंबी. बाजारात ती जोडीनं विकली जायची म्हणून हे नाव. हिवाळा पिवळ्या समुद्राच्या खोल पाण्यात काढून ही कोळंबी वसंतात अंडी घालायला बोहाईकडे येते. तेव्हाची, गाभोळीनं भरलेली, सगळ्यात चवदार मानतात. अतिमासेमारीनं ती आता फार कमी झाली आहे, आणि हॅचरीतली पिल्लं समुद्रात सोडून साठा टिकवण्याची खटपट चालू असते. घरोघरी मात्र आता तलावात वाढवलेली, 'व्हेनामी' जातीची कोळंबीच शिजते. त्यामुळे आपल्याला 'अस्सल' कोळंबी मिळत नाही याचं दुःख नको. उलट आपल्या किनाऱ्यावरची पांढरी कोळंबी तिची सख्खी चुलत बहीण आहे: शास्त्रीय नावानं ती फेन्नेरोपेनियस चायनेन्सिस, आपली फेन्नेरोपेनियस इंडिकस.

एक सावधगिरी. याच नावानं इंटरनेटवर शोधलंत तर मिरच्यांनी माखलेल्या, खेकड्याच्या नांग्या असलेल्या काहीतरी लाल प्राण्यांचे फोटो येतील. ती हूबेइ प्रांतातल्या छ्येनच्यांगची झणझणीत क्रेफिश, गोड्या पाण्यातली कोळंबीची नातेवाईक. नाव तेच, पदार्थ अगदी वेगळा.

बाजारात

आधी कॅलेंडर बघा. श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार. मी एकदा हौसेनं सहा जणांना बोलावलं आणि त्यातल्या तिघांचा वार निघाला. उरलेल्या तिघांनी ताव मारला हा भाग वेगळा. दुसरं, कोळंबीची ॲलर्जी आहे का हे फोनवरच विचारा. ही ॲलर्जी गंभीर असू शकते आणि 'नुसता रस्सा घे' हे त्यावर उत्तर नव्हे. अशा पाहुण्यासाठी वेगळी कढई, वेगळं उलथनं.

सहा माणसांना, सोबत आणखी दोन-तीन पदार्थ असतील तर, डोक्यासकट ७५० ग्रॅम कोळंबी पुरते. नग मोजून घ्या: वीस-एकवीस भरले पाहिजेत, म्हणजे एकेक ३५ ग्रॅमच्या आसपास. याहून लहान घेतली तर डोक्यात दाबण्यासारखं काही नसतं आणि टरफल सोलता सोलता पाहुणे कंटाळतात. फार मोठी, ६०-७० ग्रॅमची टायगर, दिसायला भारी. पण रस आत पोचेपर्यंत बाहेरचं मांस चिवट होतं. मधली बरी.

कोळणीकडून घेताना तीन गोष्टी बघतो. डोकं धडाला घट्ट हवं. उचलल्यावर लोंबकळत असेल तर ठेवून द्या. डोकं काळवंडलेलं नसावं. तो काळेपणा म्हणजे लगेच नासलेली असं नाही, हवेशी संयोग होऊन तो येतो, पण आपलं सगळं काम डोक्याशीच असल्यामुळे काळ्या डोक्याची कोळंबी या पदार्थाला निरुपयोगी. तिसरं, मानेजवळ हलकेच दाबून बघा. कोळंबीच्या डोक्यात पाचक रस असतात आणि ती मेल्यावर ते स्वतःचंच मांस मऊ करायला लागतात. म्हणून शिळी कोळंबी आधी मानेपाशी पिठूळ होते. हे ध्यानात घेऊन, डोक्यासकट कोळंबी आदल्या दिवशी आणून फ्रीजमध्ये ठेवू नका. त्याच दिवशी सकाळी आणा आणि बर्फावर ठेवा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तलावातली व्हेनामी किंवा फ्रोझन घ्यावी लागते. फ्रोझन घेताना पाकिटावर 'डोक्यासकट' आहे ना ते बघा, आणि वजनात बर्फाचा मुलामा धरलेला असू शकतो म्हणून शंभरेक ग्रॅम जास्त घ्या. ती रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवून सोडवायची. गरम पाण्यात टाकलीत तर डोक्यातलं सगळं धन त्या पाण्याबरोबर मोरीत जाईल.

साफसफाई: इथं घाई नको

अर्धा तास मोकळा ठेवा, रेडिओ लावा आणि एक टोकदार कात्री घ्या. सुरीपेक्षा कात्रीच बरी.

कोळंबी डाव्या हातात धरा, पाठ वर. डोक्यावर करवतीसारखा जो काटा पुढे आलेला असतो तो डोळ्यांच्या रेषेत कापून टाका. मिशा आणि पाय कापा. आता कापलेल्या जागी नीट बघा: डोळ्यांच्या लगेच मागे एक काळपट, मुगाच्या दाण्याएवढी पिशवी दिसेल. ते कोळंबीचं पोट, त्यात वाळू असते. कात्रीच्या टोकानं किंवा टूथपिकनं ती पिशवी अलगद उचकटून काढायची. तिच्या मागे पिवळट-नारिंगी जे मऊसर आहे त्याला धक्का लावू नका, तोच आपला ऐवज. पहिल्या दोन-तीन कोळंब्यांना हात चुकेल, पिशवी फुटेल. फुटली तर तेवढं डोकं नळाच्या बारीक धारेखाली क्षणभर धरा आणि पुढे चला. चौथीपासून जमतं.

मग पाठीवरून, मानेच्या मागून शेपटीच्या अलीकडच्या पेरापर्यंत टरफल कात्रीनं उभं कापा. टरफलाखालचं मांसही साधारण दोन-तीन मिलिमीटर कापलं जाऊ द्या, पण फार खोल नको, नाहीतर शिजताना कोळंबी फुलपाखरासारखी उलगडते. त्या चिरेतून काळा दोरा ओढून काढा. या चिरेचे तीन फायदे: दोरा निघतो, रस आत जातो, आणि जेवताना पाहुण्याला टरफल दोन बोटांनी सोडवता येतं. टरफल काढायचं मात्र नाही. ते मांसाला थेट आचेपासून वाचवतं, आणि रस चिकटायला त्याचाच पृष्ठभाग कामी येतो.

शेवटी धुणं. एकदाच, थंड पाण्यात, पटकन. लगेच चाळणीत निथळा आणि स्वच्छ फडक्यावर पसरून वरूनही फडक्यानं टिपा. इथं आळस केलात तर कढईत तेल उडेल आणि कोळंबी परतण्याऐवजी उकडेल. हळद-मीठ-लिंबू लावायची आपली सवय असते; आज लावू नका. हळदीनं रंग फसवा होतो आणि लिंबानं मांस आधीच कडक व्हायला लागतं. हवं तर चिमूटभर मीठ आणि चिमूटभर पांढरी मिरपूड, बस.

जिन्नस आणि त्यांचे पर्याय

७५० ग्रॅम कोळंबीला:

शेंगदाणा तेल ५ मोठे चमचे (७५ मिली)
पातीचे कांदे ६, पांढरा भाग बोटाएवढे तुकडे, पात वेगळी बारीक चिरलेली
आलं २० ग्रॅम, निम्म्याच्या चकत्या, निम्म्याच्या बारीक सळ्या
शाओशिंग वाइन ३ मोठे चमचे
साखर २ मोठे चमचे (साधारण २५ ग्रॅम)
लाइट सोया सॉस १ मोठा चमचा
मीठ अर्धा चहाचा चमचा
गरम पाणी किंवा पातळ चिकन सूप १५० मिली
तांदळाचं व्हिनेगर २ चहाचे चमचे
भाजलेल्या तिळाचं तेल अर्धा चहाचा चमचा

लसूण नाही. घातली तर काही आभाळ कोसळणार नाही, पण पदार्थ कांद्या-आल्यावर उभा आहे. शांडोंगच्या च्यांगच्यू भागातला पातीचा कांदा माणसाच्या छातीला लागेल इतका उंच वाढतो आणि लोक तो कच्चा, काकडीसारखा कराकरा खातात. तिथं लसणीला दुय्यम जागा मिळाली तर नवल नाही. आपल्याकडचा पातीचा कांदा नाजूक असतो म्हणून सहा घेतले आहेत.

शेंगदाणा तेल मी आपल्याकडे मिळतं म्हणून लिहिलेलं नाही. शांडोंग हा चीनमधला भुईमुगाचा मोठा प्रांत, तिथं घरोघरी हेच तेल. घाण्याचं फार उग्र वासाचं असेल तर निम्मं रिफाइंड मिसळा. उलट तिळाच्या तेलाची गोष्ट: देवापुढे लावतो किंवा लोणच्याला वापरतो ते कच्च्या तिळाचं तेल इथं चालत नाही. हवं ते भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी. नसेल तर सरळ वगळा.

सोया सॉसच्या बाबतीत सांभाळा. किराणा दुकानात मिळणारा साधा सोया सॉस बऱ्याचदा डार्क असतो, आणि तो चमचाभर पडला की मेहनतीनं काढलेला लाल रंग चॉकलेटी होतो. लाइट नसेल तर डार्क फक्त चहाचा एक चमचा घाला आणि मीठ किंचित वाढवा.

शाओशिंग वाइन ही झेज्यांग प्रांतातली चिकट तांदळाची, साधारण १५ टक्क्यांची. मोठ्या शहरांत परदेशी मालाच्या दुकानात मिळते. तिला सगळ्यात जवळची ड्राय शेरी. गोव्याची गोड पोर्ट वाइन वापरू नका, आणि फेणी तर नकोच. तिच्या वासापुढे कोळंबी हरवते. घरात दारू चालत नसेल तर ३ मोठे चमचे पाण्यात इंचभर आल्याचा रस घाला. वाइन घातली असेल तर न पिणाऱ्या पाहुण्यांना तसं आधी सांगा. शिजवल्यावर तिचा अंश पूर्ण उडतोच असं नाही.

व्हिनेगरसाठी मात्र गोवा धावून येतो: माडाच्या सुरेचं व्हिनेगर इथं झकास लागतं. ते थोडं उग्र असतं म्हणून दोनऐवजी दीड चमचा. साखरेऐवजी खडीसाखर कुटून घालता येते. मंद शिजणाऱ्या पदार्थांना तिनं जास्त चकाकी येते असं चिनी आचारी मानतात. देव्हाऱ्यातल्या प्रसादाच्या डबीतली चालते, मी वापरली आहे.

आणि साखरेला घाबरू नका. दोन मोठे चमचे वाचून सगळ्यांच्या भुवया वर जातात. कमी घातलीत तर रस पाणचट राहतो, कारण कॉर्नफ्लोअर नाही; घट्टपणा येतो तो साखर, टरफलं आणि डोक्यातला ऐवज एकत्र आटल्यावर. चिनी आचारी याला 'त्झलाय छ्येन' म्हणतात, आपोआप आलेला दाटपणा. चव आधी गोड लागते आणि मागून खारट येते. नुसती गोड लागली तर मीठ कमी पडलं, साखर जास्त झाली असं नव्हे.

पाहुणे यायच्या आधी

सगळी साफसफाई चार वाजेपर्यंत उरकून कोळंबी झाकून फ्रीजमध्ये. साखर, मीठ, सोया, गरम पाणी एका भांड्यात मिसळून ओट्यावर. वाइन एका वाटीत, व्हिनेगर दुसऱ्या. कांदा-आलं ताटलीत. शिजवायचं मात्र पाहुणे हात धुऊन टेबलाशी आल्यावरच. हा पदार्थ गरम करून पुन्हा वाढण्याचा नाही. दुसऱ्यांदा गरम केलेली कोळंबी रबर होते. एकूण पंधरा मिनिटांचं काम आहे, तेवढा वेळ पाहुण्यांना बसवून ठेवायला काकडी द्या: काकडी वरवंट्यानं ठेचून, तोडून, मीठ-साखर-व्हिनेगर आणि ठेचलेली लसूण. चीनमध्येही जेवणाची सुरुवात अशीच होते.

आणखी एक गोष्ट. बारा माणसं असतील तर सगळं दुप्पट करून एकाच कढईत ढकलू नका. घरच्या शेगडीला तेवढा जोर नसतो. दोन खेपा करा. पहिली खेप टेबलावर गेली की दुसरी चढवा. पाहुण्यांना दुसऱ्यांदा गरम वाढण्यात वेगळीच शान असते.

शेगडीवर

भांडं पसरट हवं, म्हणजे कोळंबी एका थरात बसेल. मी बिडाची लंगडी वापरतो. खोलगट कढईत खालच्या जळतात आणि वरच्या वाट बघत बसतात.

मंद आचेवर तेल तापवा. कांद्याचा पांढरा भाग आणि आल्याच्या चकत्या टाका. घाई न करता तीन-चार मिनिटं परता. कांद्याच्या कडा फिकट सोनेरी झाल्या आणि घरभर वास सुटला की कांदे बाहेर काढून ठेवा, आलं राहू द्या. कांदा आत ठेवला तर पुढच्या आचेवर करपतो आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही.

आता आच मध्यम. कोळंबी एकेक करून तेलात ठेवा, सगळ्यांची डोकी एका बाजूला. अर्धा मिनिट हलवू नका. मग उलथन्याच्या पाठीनं एकेक डोकं दाबा. जोरात ठेचायचं नाही, डोकं फुटून भुगा व्हायला नको. पोळी फुगवताना फडक्यानं दाबतो तेवढाच जोर. दाबल्यावर बारीक 'चुर्र' आवाज येतो आणि डोक्याखालून पिवळा ओघळ बाहेर पडतो. तेलाकडे बघत राहा. आधी पिवळं, मग नारिंगी, आणि मिनिटा-दीड मिनिटात तांबडं. इथं माझ्या घरी आलेला प्रत्येक जण ओट्यापाशी येऊन विचारतो की लाल तिखट कधी घातलं.

याचं कारण सांगतो, म्हणजे आच का सांभाळायची ते कळेल. कोळंबीत अस्टाझॅन्थिन नावाचं लाल रंगद्रव्य मुळातच असतं, पण जिवंतपणी ते एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून कोळंबी राखाडी-निळसर दिसते. उष्णतेनं प्रथिनाची पकड सुटते आणि लाल रंग मोकळा होतो. हे द्रव्य पाण्यात नाही तर तेलात विरघळतं. आपल्या मिसळीच्या तर्रीचं गणितही हेच: मिरचीचा रंगही तेलातच उतरतो. म्हणून तेलात हात आखडू नका. आणि तेल धुरापर्यंत तापवलंत तर डोक्यातला ऐवज करपतो, रंग तपकिरी होतो.

दीड-दोन मिनिटांनी सगळ्या उलटा, पुन्हा दाबा. दोन्ही बाजू लाल झाल्या की आल्याच्या सळ्या टाका आणि वाइन कढईच्या कडेनं गोल फिरवत ओता, थेट कोळंबीवर नको. कडेच्या तापलेल्या लोखंडावर ती उसळते आणि वशट वास वाफेबरोबर घेऊन जाते. गॅसची ज्योत कडेपर्यंत येत असेल तर वाइन पेटू शकते, तेव्हा आधी आच खाली करा. वीस सेकंद थांबा.

मग भांड्यातलं साखर-सोया-पाण्याचं मिश्रण आणि काढून ठेवलेले कांदे. उकळी आली की आच मध्यमपेक्षा जरा कमी आणि झाकण. हा 'मन'. तीन मिनिटं, घड्याळ लावून. मध्ये एकदाच झाकण काढून कोळंबी उलटा.

झाकण काढा, आच मोठी. आता कढई सोडून कुठे जायचं नाही. तिरकी करून चमच्यानं रस उचलायचा आणि कोळंबीवर ओतायचा, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला बुडबुडे बारीक, फेसाळ आणि गडबडीचे असतात. दोनेक मिनिटांत ते मोठे, संथ होतात, पाक होताना होतात तसे, आणि आवाजही रटरट सोडून जड, चिकट होतो. चमच्याची पाठ माखली आणि कडेला लाल तेल सुटलेलं दिसलं की झालं. तोपर्यंत कोळंबीचं मांस पाठीच्या चिरेतून पांढरं, अपारदर्शक दिसलं पाहिजे. ती शिजली पण रस अजून पातळच आहे, असं झालं तर कोळंबी ताटलीत काढून नुसता रस आटवा आणि मग परत सोडा. रसासाठी कोळंबीला शिक्षा नको.

शेवटचे काही सेकंद: व्हिनेगर कडेनं, तिळाचं तेल वरून, कांद्याची पात, एकदा हलवा, गॅस बंद. आंबटपणा कळता कामा नये. कळला तर व्हिनेगर जास्त झालं. त्याचं काम फक्त गोडी हलकी करणं.

ज्यांच्या घरात तिरफळं असतात त्यांच्यासाठी एक आगाऊपणा. चीनची ह्वाज्याव (शेजवान मिरी) आणि आपलं तिरफळ ही एकाच कुळातली, झँथोझायलम. दोन चमचे तेलात पाच-सहा तिरफळांची टरफलं मंद आचेवर खुलवून, गाळून, त्या तेलाचे चार थेंब वरून घातले तर जिभेला हलकी झिणझिणी येते. बिया आधी काढा. आयींच्या कोळंबीत हे नव्हतं, पण ह्वाज्यावचं तेल तिकडेही लोक असंच चार थेंब घालतात, म्हणून मला त्यात पाप वाटत नाही.

बिघडलं तर

लाल रंग आलाच नाही: डोकी शिळी होती किंवा फ्रोझन माल पाण्यात सोडवला. टोमॅटो केचप घालून लपवायचा मोह होईल, आवरा. आहे तसाच आटवा, चव बरी लागते. रस कडू लागला तर एक तर कांदा करपला, नाही तर साखर तळाला लागली. दोन्हीवर उपाय नाही, पुढच्या खेपेला आच कमी. रस अचानक फार घट्ट, काकवीसारखा झाला तर दोन चमचे गरम पाणी घालून हलवा, लगेच सैल होतो. माझ्या हातून सगळ्यात जास्त वेळा घडलेली चूक म्हणजे फोन. आटवताना फोन उचलला की पाक गेलाच.

ताटात आणि टेबलावर

पसरट थाळीत सगळ्यांची डोकी एका दिशेला लावा आणि उरलेला रस वरून ओता. चिनी मेजवानीत कोळंबीला मान आहे. दक्षिण चीनमधल्या कँटनच्या भाषेत तिला 'हा' म्हणतात, आणि 'हा हा' म्हणजे हसणं; म्हणून नववर्षाच्या जेवणात ती हवीच.

खायचं कसं हे पाहुण्यांना यजमानानंच दाखवावं लागतं, नाहीतर सगळे काटा-चमचा घेऊन अवघडून बसतात. मी पहिली कोळंबी हातानं उचलतो, डोकं मोडून आधी ते चोखतो, मग टरफलावरचा रस चाटून चिरेतून मांस सोडवतो. एकदा यजमानाची बोटं माखली की सगळे बाह्या सरसावतात. प्रत्येकापुढे टरफलांसाठी वाटी, आणि लिंबाची फोड घातलेलं कोमट पाणी. लहान मुलांना सोलून, रसात बुडवून द्या. डोकी चोखायला कुणी तयार नसेल तर आग्रह नको. त्यातलं बरंचसं रसात आधीच उतरलेलं असतं.

सोबत भात लागतोच. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर, पाणी किंचित कमी घालून. बासमती सुट्टा राहतो आणि हा रस धरत नाही. शांडोंगचे लोक मात्र गव्हाचे. ते वाफवलेला, पांढराशुभ्र मांथौ नावाचा पाव तोडून रस पुसून खातात. आपल्याकडे त्या कामाला लादी पाव आहे. आमच्याकडे शेवटी थाळी पावानं पुसायला नेहमी दोघांत भांडण होतं. जोडीला चवळई किंवा पालक, लसणीवर दोन मिनिटं परतलेला, बिनमसाल्याचा. आणखी गोडसर, आणखी रस्सेदार काही नको.

कोळंबी बहुधा उरत नाही. रस उरतो, आणि वाटीत चोखायच्या राहिलेल्या दोन-चार डोक्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. थाळीतला हात न लागलेला रस तेवढा गाळून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अंडं फोडून, आदल्या रात्रीचा भात आणि हा चार चमचे रस मोठ्या आचेवर परता. मीठसुद्धा घालावं लागत नाही.